फेऱ्या मोजल्या, अळ्या किती घटल्या?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

डेंग्यूविरोधी जनजागृती फेरीची बातमी आपल्या अंकात छायाचित्रासह वाचली. किती शाळांची मुले आली, किती पत्रके वाटली, पथनाट्य कुठल्या चौकात झाले, झेंडा कोणी दाखवला, सगळे त्यात आहे. फेरीनंतर त्या भागातल्या किती घरांतल्या डासांच्या अळ्या गेल्या, तेवढे नाही. बातमीदाराला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या हाती आलेल्या प्रेसनोटमध्येच ते नसणार, आणि प्रेसनोट काढणाऱ्यालाही ते कोणी विचारत नसणार.

हे मी बाहेरून बोलत नाही. आरोग्य खात्यात पर्यवेक्षक म्हणून नोकरी करून निवृत्त झालो आहे. महिन्याच्या अहवालात आरोग्य शिक्षणाचे रकाने असायचे : गटसभा किती, प्रदर्शने किती, उपस्थिती किती. उद्दिष्ट एका बाजूला, साध्य दुसऱ्या बाजूला. सभेला बायका जमल्या, रजिस्टरवर सह्या-अंगठे झाले, की साध्य झाले. घरी गेल्यावर त्यांच्यापैकी कोणी काय बदलले, याला रकानाच नव्हता. आता रजिस्टरच्या जागी मोबाइलवरचे फोटो आले, बॅनर मोठे झाले, सेल्फी पॉइंट आले. रकाना अजून आलेला नाही.

गंमत अशी की डेंग्यूच्या बाबतीत मोजमाप शोधून काढायचीही गरज नाही. ते वर्षानुवर्षे आपल्याच कर्मचाऱ्यांच्या हातात आहे. कंटेनर सर्वेक्षणाला, म्हणजे पाणी साठलेली भांडी तपासायला, आलेला माणूस मोरीतल्या बॅरलवर तिरका टॉर्च मारतो. उजेड पडला की अळ्या वळवळत तळाकडे पळतात. मग फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंडीखालची थाळी, गच्चीवरचा टायर. जाताना भिंतीवर खडूने तारीख टाकतो. समजा शंभर घरे पाहिली आणि बारा घरांत अळ्या सापडल्या, तर घर निर्देशांक बारा. शंभर घरांमागे अळ्या असलेली भांडी किती, तो ब्रेटो निर्देशांक. एवढे सोपे गणित आहे. फेरीच्या आदल्या आठवड्यात हा आकडा काढायचा, महिन्याभराने त्याच भागात पुन्हा काढायचा आणि दोन्ही आकडे लोकांपुढे ठेवायचे.

अर्थात एवढ्याने भागत नाही. पावसाळा ओसरला की डास आपसूक कमी होतात. डिसेंबरात आकडा उतरला म्हणून ऑगस्टमधल्या पथनाट्याने श्रेय घेण्यात अर्थ नाही. म्हणून जिथे फेरी निघाली नाही असा एखादा तसाच भाग सोबत मोजावा लागतो. समजा, आपल्या कोल्हापुरात राजारामपुरीत मोहीम झाली आणि कसबा बावड्यात पुढच्या महिन्यात होणार असेल, तर मधल्या काळात दोन्हीकडचे आकडे घ्या. दोन्हीकडे सारखेच उतरले तर ते काम ओसरलेल्या पावसाने केले. राजारामपुरीत जास्त उतरले तर मोहिमेला शाबासकी द्या, माझ्याकडूनही.

हे परदेशी थेर नाही. आपल्याच राज्यात, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९०च्या दशकात घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. ३९ गावांत गावच्याच बाईला शिकवून काम सुरू केले आणि ४७ गावे तुलनेसाठी धरली. जन्म-मृत्यूंची नोंद मात्र दोन्हीकडे सारख्याच काटेकोरपणे ठेवली. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. तो निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि २०११ मध्ये आशाताईंच्या मार्फत ही पद्धत देशभर लागू झाली. त्या ४७ गावांत कोणी बाळे मोजली नसती, तर 'आम्ही चांगले काम केले' यापलीकडे दिल्लीला दाखवायला हातात काय होते?

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो, कारण आपल्याकडचे उदाहरण जास्त अवघड आहे. २००१च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८३९ मुली होत्या, राज्यात ९१३. पुरोगामी म्हणवणाऱ्या जिल्ह्याची मान खाली घालणारा तो आकडा होता. पुढे लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना 'सेव्ह द बेबी गर्ल' मोहीम झाली, सोनोग्राफी यंत्रांना 'सायलेंट ऑब्झर्व्हर', म्हणजे प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारे यंत्र, बसवले गेले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि तिथेही २०११ मध्ये ते बसवण्याचा आदेश टिकला. त्याच वर्षीच्या जनगणनेत राज्य ८९४ पर्यंत घसरले असताना कोल्हापूर ८६३ वर चढले. कौतुक झाले, आणि ते व्हायलाच हवे होते.

पण जरा हिशेब करून पाहा. फेब्रुवारी २०११ मध्ये शून्य ते सहा वर्षांची असलेली मुले २००४ पासून पुढे जन्मलेली. यंत्रांवर नजर बसली ती २००९ नंतर. म्हणजे त्या ८६३ मधली बहुतेक मुले 'सायलेंट ऑब्झर्व्हर' येण्याच्या आधीच पाळण्यात होती! मग मुली वाढल्या कशाने? कायदा कडक झाल्याच्या धाकाने, गावोगावच्या प्रबोधनाने, की आणखी कशाने? मोहीम वाया गेली असे मी मुळीच म्हणत नाही. दहा वर्षांनी येणारा जनगणनेचा आकडा अशा मोहिमेच्या मोजमापाला चालत नाही, एवढेच म्हणतो. २०२१ची जनगणना तर वेळेवर झालीच नाही. जन्मनोंदणी मात्र दर महिन्याला होते, तालुकावार होते. कुठल्या केंद्रावर ऑब्झर्व्हर यंत्र कधी बसले ती तारीख आणि त्या तालुक्यातले मुला-मुलींचे जन्म शेजारी-शेजारी मांडले, तर नेमके कशाने काम केले हे कळायला वाट मिळते. आणि ते कळले तरच पुढच्या अधिकाऱ्याला पैसा यंत्रावर घालायचा की प्रबोधनावर, हे ठरवता येईल. नाहीतर साहेब बदलले की मोहीम बदलते, हा अनुभव आपल्याला नवा नाही.

तंबाखूबाबत थोडक्यात. २००३च्या कायद्याने शाळेपासून शंभर यार्डांच्या आत विक्रीला बंदी आहे, २०१२ पासून राज्यात गुटखाबंदी आहे. राज्यात तंबाखूचा कोणताही प्रकार वापरणाऱ्या प्रौढांचे प्रमाण २००९-१०च्या पाहणीत ३१.४ टक्के होते, ते २०१६-१७ मध्ये २६.६ टक्क्यांवर आले. हा राज्याचा आकडा. करवीर किंवा कागल तालुक्यातल्या नववीच्या पोरांचे काय, ते त्यातून समजत नाही. शाळेच्या भिंतीवर फलक लागला, रस्त्यावर पिवळा पट्टा मारला, फोटो अपलोड झाला, की शाळा तंबाखूमुक्त. टपरी पट्ट्याच्या दोन पावले पलीकडे सरकलेली असते.

मोजायला लागले की दुसरीही एक गोष्ट समोर येते आणि मला वाटते, मोजमाप टाळण्याचे खरे कारण तेच असावे. दोष दरवेळी लोकांच्या अज्ञानाचा नसतो. 'आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा' हा सल्ला शास्त्राला धरून आहे; अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, त्याआधी भांडे रिकामे करून घासले की साखळी तुटते. पण नळाला दिवसाआड पाणी येणाऱ्या वस्तीत हा सल्ला देऊन बघा. आम्हा कर्मचाऱ्यांना लोक 'डॉक्टर'च म्हणत. एका माउलीने मला दारातच अडवले होते, "डॉक्टर, पानी वतून टाका म्हंतासा, मग उद्याचं धुणं काय तुमच्या घरात यून धुऊ?" तिला पत्रक वाचून दाखवण्यात काय हशील होते? तिच्या वस्तीतला घर निर्देशांक तीन-तीन फेऱ्यांनंतरही हलत नसेल आणि रोज पाणी येणाऱ्या पेठेत तो झटक्यात उतरत असेल, तर पुढचे पैसे बॅनरवर न घालता पाण्यावर घालावेत, हे तो आकडाच सांगेल. आरोग्यसंवर्धनाचा जागतिक जाहीरनामा १९८६ साली कॅनडात ओटावा येथे झाला, त्यात लोकांना शिकवण्याइतकेच महत्त्व आरोग्याला पोषक सरकारी धोरणाला दिले आहे. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली तेव्हा 'पाणी उकळून प्या' हे सांगणे बरोबरच होते. पण नळातूनच दूषित पाणी आले तर लोकांनी किती आणि किती दिवस उकळावे?

पाण्याच्या बाबतीत निदान खेडेगावात एक चांगली पद्धत आहे. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, पाण्याच्या स्रोतांची पाहणी होते आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. लाल कार्ड मिळाले की धोका सगळ्या गावाला कळतो. जनजागृती मोहिमेला असे कार्ड द्यायला काय हरकत आहे?

हे सगळे करायला माणसे कुठली, असे विचारले जाईल. आशाताईंच्या माथी आणखी एक फॉर्म मारू नका, एवढे हात जोडून सांगतो. ज्याने काम केले त्यानेच मोजू नये, हा साधा नियम आहे. शिवाजी विद्यापीठात संख्याशास्त्राचा विभाग आहे, शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, समाजकार्य शिकवणारी महाविद्यालये आहेत. विद्यार्थ्यांना नाहीतरी प्रकल्प करावेच लागतात. चिठ्ठ्या टाकून घरे निवडायची, ठरलेल्या दिवशी जायचे, टॉर्च घेऊन पाहायचे. आणि आकडा वाईट निघाला म्हणून खालच्या कर्मचाऱ्याला नोटीस काढायची नाही. तसे झाले की पुढच्या वेळी सगळ्या घरांत अळ्या शून्य! टपरीवर बसून भरलेले असे अहवाल मी नोकरीत पुरेसे पाहिले आहेत.

महापालिका आणि जिल्हा परिषद यांनी प्रत्येक मोहिमेच्या खर्चातला थोडा वाटा मोजमापासाठी राखून ठेवावा, काय मोजणार ते मोहीम सुरू होण्याआधीच जाहीर करावे आणि निकाल बरा असो वा वाईट, प्रभागाच्या कार्यालयात व ग्रामसभेत लावावा, अशी माझी मागणी आहे. आपल्याकडेही एक विनंती आहे. यापुढे फेरीची बातमी आली की बातमीदाराने आधीचा आकडा काय होता, नंतरचा कधी काढणार आणि तो कोण काढणार, एवढे विचारावे. छायाचित्र थोडे लहान करून एका चौकटीत ही उत्तरे छापावीत, आणि उत्तर मिळाले नाही तर चौकट रिकामी सोडावी.

आपला वाचक,
एक निवृत्त आरोग्य पर्यवेक्षक, कोल्हापूर