चित्राच्या पाठीवरचा मजकूर

बुधवार पेठ, सोलापूर

तीर्थरूप बाबा आणि आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

गड्ड्याची यात्रा आटोपल्यावर माजघराच्या ओल्या भिंतीचे काम काढले आणि त्यासाठी देवघराशेजारचे ते तोडी रागिणीचे चित्र उतरवून मी प्रथमच चौकटीतून बाहेर घेतले. त्याच संध्याकाळी दादाचा पुण्याहून फोन आला. एक गृहस्थ तुम्हांला भेटून गेले, ते चित्राला चांगली किंमत देतील, मात्र ‘पणजोबांना हे अक्कलकोटच्या राजवाड्यातून बक्षीस मिळाले व तेव्हापासून ते आमच्याच घरात आहे’ असे तुम्ही लिहून द्यावे, अशी त्यांची अट आहे, असे तो म्हणाला. बाबा, त्या कागदावर सही करण्यापूर्वी हे पत्र शेवटपर्यंत वाचावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

वीणा घेतलेली ती स्त्री आणि तिच्यापुढे मान उंचावून उभे असलेले हरिण तुम्हां दोघांच्या रोजच्या पाहण्यातले आहे, पण चित्राची पाठ आपल्यापैकी कोणीच पाहिली नव्हती. मागची फळी आणि चित्र यांच्यामध्ये वर्तमानपत्राचा एक कागद निघाला. त्यावरची तारीख फाटली आहे, परंतु अंकाची किंमत नव्या पैशांत छापलेली आहे. हे नाणे एप्रिल १९५७ मध्ये आले आणि जून १९६४ मध्ये त्याच्या नावातला ‘नवे’ हा शब्द गेला, म्हणजे ही चौकट त्या सात वर्षांतच केलेली असली पाहिजे. पणजोबा तर त्याच्या बऱ्याच आधी वारले होते. चौकट उशिरा केली म्हणजे चित्रही उशिरा आले, असे मी म्हणत नाही, पण ‘पणजोबांनी स्वतः चौकट करवून घेतली’ हा आजीच्या गोष्टीतला भाग आता टिकत नाही.

त्याहून महत्त्वाचे ते वसलीच्या, म्हणजे ज्यावर चित्र काढले आहे त्या थरांनी चिकटवलेल्या जाड कागदाच्या, पाठीवर आहे. मारवाडी वळणाच्या नागरीत दोन ओळी, त्यांखाली लाल शाईत एक आकडा आणि कोपऱ्यात रुपयाएवढी खरवडलेली जागा. जुन्या दरबारांमध्ये चित्रे आणि ग्रंथ ही खजिन्यातली मत्ता होती व तिची वेळोवेळी मोजदाद होत असे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील अकबरनाम्यावर जहांगीरच्या हातची नोंद आहे. पुढे तो ग्रंथ अवधमध्ये कमिशनर असलेल्या क्लार्क नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने मिळवला आणि १८९६ मध्ये त्याच्या विधवेकडून संग्रहालयाने तो विकत घेतला. बिकानेरच्या राजसंग्रहातील चित्रांच्या पाठीवरही मोजदादीच्या नोंदी आढळतात. आपल्या चित्रावरचा लाल आकडाही कोणाच्या तरी पोथीखान्यातला असणार. मराठी संस्थानाच्या दफ्तरात मोडीची अपेक्षा असते आणि इथे एकही मोडी अक्षर नाही. राजस्थानातून निघालेले चित्र मध्ये अक्कलकोटला थांबले असेलही, पण तसे सांगणारी एकही खूण त्यावर नाही.

त्या खरवडलेल्या जागेने मला दोन रात्री झोप लागू दिली नाही. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ ही अहमदनगरची सचित्र पोथी आहे. तीत हुसेन निजामशहाशेजारी बसलेल्या खुंजा हुमायूँ राणीची आकृती पुढे कोणीतरी पुसून टाकली, कारण नंतर ती राणी दरबारात नकोशी झाली. ही राणी म्हणजे चांदबिबीची आई, जिच्या मुलीच्या लग्नात आपला भुईकोट किल्ला आदिलशाहीला आंदण दिला गेला. पुसलेली जागासुद्धा पुसणाऱ्याविषयी काही सांगत असते. आपल्या चित्रावर पात्याचे सरळ ओरखडे आहेत, वाळवीने खाल्ल्याच्या खुणा नाहीत. तिथे आधीच्या मालकाचा शिक्का असावा आणि तो मालक कोण, हे कळू नये असे वाटणाऱ्यानेच तो काढला असावा. संस्थाने विलीन झाल्यावर आणि १९७१ मध्ये तनखे बंद झाल्यावर कित्येक घराण्यांनी आपली चित्रे रीतसर विकली, पण सगळीच चित्रे काही मालकाच्या हातून बाहेर पडली नाहीत.

म्हणूनच त्या गृहस्थांना चित्राइतकाच तुमचा शब्द हवा आहे. परदेशातले खरेदीदार आता वस्तू १९७० च्या, म्हणजे सांस्कृतिक ठेव्याच्या चोरट्या व्यापाराविरुद्धच्या युनेस्को करारापूर्वी कोणाकडे होती, हे विचारतात आणि तिथे एखाद्या सत्तरी ओलांडलेल्या सज्जन माणसाचे पत्र फार उपयोगी पडते. तमिळनाडूतील श्रीपुरंदनचा नटराज अशाच बनावट मालकीच्या कागदांच्या आधारे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाला विकला गेला आणि २०१४ मध्ये भारताला परत करावा लागला. शिवाय १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या अशा चित्राची छायाचित्रांसह नोंदणी करावी लागते, मालकी बदलली तर नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे लागते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. आपण आजवर नोंदणी केली नाही, ही आपली चूक आहे व ती दुरुस्त करायला मी तयार आहे, पण त्या अर्जात आपल्याला जे खरोखर ठाऊक आहे तेवढेच लिहावे लागेल.

आणि बाबा, ते ठाऊक असलेले आता तुम्ही एकटेच आहात. नव्या पैशांच्या त्या वर्षांत तुम्ही नऊ ते सोळा वर्षांचे होतात. चित्र घरात कोणी आणले, चौकटीला कोण घेऊन गेले, त्या दिवशी आजोबा काय बोलले, यांतले काहीतरी तुम्हांला नक्की आठवत असेल. आई, तू मला एकदा म्हणाली होतीस, की आजोबांनी कोणाला तरी पैसे उसने दिले होते, ते परत आले नाहीत आणि तारण म्हणून ठेवलेले हे चित्र इथेच राहिले. तेवढ्यात बाबा खोलीत आले आणि तू विषय बदललास. तारण राहिलेली वस्तू घरात असण्यात मला काहीच कमीपणा वाटत नाही. राजवाड्याच्या बक्षिसापेक्षा आजोबांचा तो खरा व्यवहार मला अधिक मोलाचा वाटतो, कारण त्यात आजोबा दिसतात.

चित्र धुतलेल्या मलमलीत गुंडाळून लोखंडी कपाटात सपाट ठेवले आहे. वर्तमानपत्राचा तुकडा आणि जुनी चौकट, दोन्हीही जपून ठेवली आहेत. येत्या रविवारी सकाळी हुतात्मा एक्स्प्रेसने निघते. येताना पाठीची छायाचित्रे आणि एक कोरी वही आणीन. तुम्ही दोघांनी आपापले वेगवेगळे सांगावे, एकाचे दुसऱ्याशी जुळले नाही तरी चालेल, मी दोन्ही जसेच्या तसे लिहून घेईन. त्या गृहस्थांना तोवर थांबायला सांगावे.

तुमची
धाकटी