महसूलमंत्री साहेब, माणूस गावी यायला तयार आहे, पण घर बांधू कुठं?

मा. महसूलमंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य
सप्रेम नमस्कार,

दोन वर्षं झाली, गावी परत यायचं चाललंय माझं. काम लॅपटॉपवर होतं, नेट बऱ्यापैकी चालतं, आईवडील तिथंच आहेत. अडलंय फक्त घरावर, आणि पैशामुळं नाही हं, साध्या दोन खोल्यांपुरते साठवलेत. जागेचा घोळ आहे.

आमचं घर गावठाणात, पणजोबांनी बांधलेलं, मातीच्या भिंती आणि वर माळवद. आज त्याला 14 वारस आहेत, कोण पुण्यात, कोण सुरतेला, एका आत्याच्या मुलांचा तर पत्ताच नाही. मागच्या पावसाळ्यात परड्याकडची भिंत बसली, तिच्यात आता पिंपळ फुटलाय आणि तो उपटायचा कुणी यावर पण भावकीत एकमत होईना. विकत कुणी नाही, बांधत कुणी नाही, दुसऱ्याला बांधू पण देत नाही. आमच्या एका आळीत अशी पाच घरं कुलूप लावून पडलीत, कुलपं पण गंजली.

नमुना 8 घेऊन बँकेत कर्जाचं विचारायला गेलो तर तिथल्या साहेबांनी कागद हातात पण घेतला नाही, म्हणाले हा घरपट्टीचा उतारा, मालकीचा नाही. बरोबरच आहे त्यांचं. 2020 ला स्वामित्व योजना आली, ड्रोननं मोजणी, मिळकत पत्रिका म्हणजे घरजागेच्या मालकीचा कागद, चांगलं काम आहे, नावं ठेवायची नाहीत मला. पण ड्रोनला वरून माळवद दिसतं, भावकी दिसत नाही ना. पत्रिका आली तरी 14 जणांच्या सह्या गोळा करायच्या त्या मलाच.

मग म्हटलं गावाला लागून आपलंच रान आहे, तिथं बांधू. जमीन महसूल संहितेत कलम 42-ड सापडलं, गावठाणापासून 200 मीटरच्या आतली जमीन कर भरला की बिगरशेती धरायची, वेगळी एनए परवानगी लागत नाही असं त्यात होतं. वाचून खूश झालो. ऑफिसला गेलो तर आधी नकाशा आणा, मग मोजणी आणा, मग गावठाणाची हद्द नेमकी कुठं संपते तेच कुणाला सांगता येईना. चार खेपा झाल्या, चारही वेळा रजा टाकून.

माझं एक वेळ जाऊ द्या, मी भाड्यानं राहीन. शेजारी मजुरी करणारं एक कुटुंब आहे, प्रधानमंत्री आवासमध्ये 1 लाख 20 हजार मंजूर झाले, पण स्वतःची जागा नाही. 15 हजारांचा पहिला हप्ता घेऊन काय हवेत पाया खणायचा का? आणि गंमत बघा, त्यांच्या झोपडीसमोरच आमच्या आळीतलं एक बंद घर पडतंय.

म्हणून माझं एकच मागणं आहे. शेतजमिनीची वाटणी सहहिस्सेदारांच्या संमतीनं कलम 85 खाली तहसीलदारांकडं होते, तशीच सोय गावठाणातल्या घरांना करा. वारस नोंद, हक्कसोड, वाटणी, सगळं एका दिवशी गावातच चावडीवर, भूमापनवाले आणि दुय्यम निबंधक दोघंही हजर पाहिजेत. जो लांब आहे त्याची संमती व्हिडिओवर घ्या, बाकी सगळं ऑनलाइन होतंच की आता. ज्यांना ठेवायचंय ते ठेवतील, ज्यांना नकोय ते विकून मोकळे होतील, आणि त्यातलीच एखादी जागा त्या शेजाऱ्याला मिळेल. 200 मीटरची रेष पण तेव्हाच जमिनीवर दगड रोवून दाखवा, नकाशावरची आम्हाला कळत नाही.

फक्त कॅम्प लावणार असाल तर महिनाभर आधी कळवा साहेब, सुरतेच्या चुलतभावाला रेल्वेचं तिकीट मिळत नाही ऐनवेळी, आणि तो आला नाही तर परत 13 वरच अडणार सगळं.

आपला,
गावाकडं निघालेला एक नोकरदार