बोंडअळी आणि बंद फाइल

चि. रेवास,
अनेक आशीर्वाद.

दहावीचं विज्ञान आणि संगणक कक्ष, दोन्ही तुझ्याकडे दिले हे फार चांगलं झालं. उत्क्रांतीचा धडा आणि कक्षातली ती बारा जुनी मशीनं यांचा एकमेकांशी संबंध नाही असं सगळे समजतील. तू मात्र दोन्ही एकत्रच हातात घे. मुलांनी पुस्तकातलं वाक्य पाठ करण्याऐवजी ते स्वतः तपासून बघावं असं तुला वाटत असेल, तर त्याची सोय याच मशीनवर होते.

आधी मशीनचं बघू. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. तुमची मशीनं त्यात बसत नाहीत. म्हणून पुरवठादार सांगेल की सगळी भंगारात काढा आणि नवी घ्या. मशीनं बिघडलेली नसतात, फक्त एका कंपनीने त्यांचा हात सोडलेला असतो. ४ जीबी रॅम आणि जुन्या हार्ड डिस्कच्या जागी २४० जीबीची एसएसडी एवढ्यावर लिनक्स मिंट या मोफत, मुक्त प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती नीट चालते. मिंट २२ ला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत.

पण काहीही पुसण्याआधी शाळेच्या जुन्या फाइल्स तपास. प्रश्नपत्रिका, दाखल्यांचे नमुने, निकालपत्रकं. त्यातलं मराठी शिवाजी, किरण, श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टमध्ये असण्याची शक्यता मोठी आहे. ओळखायची रीत सोपी आहे: मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटव. इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसला तर फाइलमध्ये मराठी नाहीच, मराठीसारखी दिसणारी चित्रं आहेत. फॉन्ट गेला की मजकूर गेला. अशा प्रत्येक फाइलची आधी पीडीएफ काढून ठेव, मग फॉन्ट कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये बदल. बदलल्यावर रफार, ‘कऱ्हाड’ आणि ‘पुऱ्या’मधला अर्धा र, ज्ञ, श्र आणि ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांखालून घाल; चुका नेमक्या तिथेच राहतात. पुढचं सगळं काम इनस्क्रिप्ट कळफलक आणि खुल्या परवान्याचे फॉन्ट यांत कर. ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट आहे, ‘यशोमुद्रा’ आहे. यशोमुद्रा तर राज्य मराठी विकास संस्थेने मराठीसाठीच करवून घेतला.

मक्तेदारी कशी टिकते हे मुलांना सांगायचं झालं तर विंडोजचंच उदाहरण घे. चांगला माल आहे म्हणून सगळे घेतात, एवढ्यावर ती टिकत नाही. सोडून जाणं महाग पडतं म्हणून टिकते. १९९४ पर्यंत मायक्रोसॉफ्टचा संगणक उत्पादकांशी असा करार असे की विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मशीनमागे पैसे द्यायचे, मग त्यात त्यांची प्रणाली असो वा नसो. दुसऱ्या कुणाची प्रणाली घातली तर ग्राहकाने दोन्हींचे पैसे मोजायचे. अमेरिकी सरकारने त्या वर्षी समझोता करून ते थांबवलं. १९९८ मध्ये पुन्हा खटला भरला. २००० मध्ये न्यायाधीशांनी कंपनीचे दोन तुकडे करायचा आदेश दिला, २००१ मध्ये अपील न्यायालयाने तो आदेश रद्द केला, पण मक्तेदारी बेकायदा मार्गांनी टिकवली हा निष्कर्ष कायम ठेवला. युरोपात २००४ मध्ये ४९.७ कोटी युरोंचा दंड झाला आणि सर्व्हर एकमेकांशी कसे बोलतात याची माहिती स्पर्धकांना द्यायला सांगितलं. ती कागदपत्रं सांबा या मुक्त प्रकल्पाच्या हाती पडायला २००७ चा डिसेंबर उजाडला. न्याय मिळाला, पण तोवर बाजार ठरून गेला होता.

भारताची यातली एक गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी आहे. ओडीएफ हा दस्तऐवजांचा खुला साचा २००६ मध्येच आंतरराष्ट्रीय मानक झाला होता. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टचा ओओएक्सएमएल हा दुसरा साचा मतदानाला आला तेव्हा भारताच्या मानक ब्यूरोने विरोधात मत दिलं. तरी २००८ मध्ये तो मंजूर झाला. केरळने वाट पाहिली नाही; तिथल्या सरकारी शाळांचं संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर चालतं आणि काइट ही सरकारी संस्था शाळांसाठी लिनक्सची स्वतःची आवृत्ती काढते.

मात्र मुलांना अर्धवट चित्र देऊ नकोस. अँड्रॉइडचा गाभा खुला आहे, तरी फोनवर कुठली अ‍ॅप्स आधीपासून बसवलेली असावीत यावरच्या अटींसाठी आपल्या स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड केला. सोर्स खुला असला तरी दरवाजावर पहारेकरी बसू शकतो.

आता बसवायचं कसं. मिंटच्या संकेतस्थळावरून आयएसओ फाइल उतरव आणि तिथेच दिलेली शा-२५६ बेरीज (फाइल पूर्ण उतरली का ते सांगणारा आकडा) जुळव. कमकुवत नेटवर अर्धवट उतरलेली फाइल हे बसवताना अडकण्याचं नेहमीचं कारण असतं. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर ती लिही, मशीन चालू होताना एफ१२ दाब (काहींना एफ९ किंवा एस्केप) आणि पेनड्राइव्हवरूनच मिंट चालव. लगेच इन्स्टॉल करू नकोस. आवाज, वाय-फाय, प्रोजेक्टर आणि प्रिंटर आधी बघ. एचपीचे प्रिंटर बहुतेक लगेच चालतात. ऑफिसांमध्ये सर्रास दिसणारा कॅननचा एलबीपी-२९०० मात्र त्रास देतो, कारण त्याला कंपनीचा स्वतःचा कॅप्ट ड्रायव्हर लागतो. तो तुमच्याकडे असेल तर ऑफिसच्याच मशीनला राहू दे.

आणि ऑफिसच्या मशीनला हात लावूच नकोस. हिशेबाचं टॅली आणि डिजिटल सहीचं टोकन विंडोजवर बिनबोभाट चालतात. पगारबिल एक दिवस अडलं तर तुझ्या सगळ्या प्रयोगाचं नाव खराब होईल. कक्षातल्या मशीनवर दोन प्रणाली शेजारी शेजारीही ठेवू नकोस. विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ चालू राहिलं की ते डिस्कचा भाग अर्धवट बंद करतं, मग लिनक्सला तिथे फक्त वाचता येतं, आणि मुलं म्हणतात फाइल सेव्ह होत नाही.

प्रत्येक मशीनवर ‘विद्यार्थी’ नावाचं साधं खातं कर, प्रशासकाचा पासवर्ड वेगळा ठेव. बारा मशीनं मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून अपडेट करायला गेलीस तर दिवसाचा डेटा पहिल्या दोन मशीनांतच संपेल. एका मशीनवर अ‍ॅप्ट-कॅशर-एनजी बसव, म्हणजे प्रत्येक पॅकेज एकदाच उतरेल आणि बाकीची अकरा तिथून घेतील. लिबरऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरचे मेनू मराठीत करता येतात, त्यासाठी मराठी भाषेचं पॅकेज वेगळं टाकावं लागतं. पालक विचारतील, पुढे एमएस-सीआयटीला विंडोज असतं त्याचं काय? रास्त प्रश्न आहे. सूत्र, तक्ता, परिच्छेदाची शैली, फाइल कुठे ठेवली हे ज्याला कळलं त्याला दुसऱ्या प्रणालीचे मेनू सापडायला वेळ लागत नाही. उलटं मात्र होत नाही.

आता उत्क्रांती. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २ मध्ये ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच धडा आहे. केंद्राच्या एनसीईआरटीने याच नावाच्या दहावीच्या धड्यातून उत्क्रांती काढून फक्त ‘आनुवंशिकता’ ठेवली; एप्रिल २०२३ मध्ये १,८०० हून अधिक वैज्ञानिक आणि शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्रावर सह्या केल्या. बारावीच्या जीवशास्त्रात ती आहे, पण दहावीनंतर जीवशास्त्र सोडणाऱ्या मुलांचं काय? शेतकरी, वकील, बँकेतला कारकून, पुढचा आरोग्यमंत्री यांना ती कधी भेटणारच नाही. मला हे फार गंभीर वाटतं. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या केंद्रीय राज्यमंत्र्यांनी आपल्याच औरंगाबादेत म्हटलं होतं की माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलं नाही, म्हणून डार्विन चुकीचा. देशाच्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून त्याला उत्तर दिलं. तुझ्या वर्गातही हा प्रश्न येईल. विचारणाऱ्याला हसू नकोस आणि कुणालाही हसू देऊ नकोस. आजचं माकड आणि आजचा माणूस हे चुलत भावंडं, एक दुसऱ्यापासून झालं नाही. फळ्यावर फांद्यांचं झाड काढ, शिडी काढू नकोस.

पण सुरुवात माणसापासून करूच नकोस. कापसाच्या गावात आहेस, गुलाबी बोंडअळीपासून कर. बीटी कापसाला, म्हणजे अळीला मारणारं विष स्वतःच तयार करणाऱ्या कापसाला, २००२ मध्ये परवानगी मिळाली, दोन विषांचा बोलगार्ड-२ २००६ मध्ये आला. पहिल्या विषाला दाद न देणारी बोंडअळी काही वर्षांतच गुजरातेत सापडली आणि २०१७ मध्ये विदर्भात दोन्ही विषं असलेली बोंडं किडली. तुझ्या वर्गातल्या मुलांच्या घरांनी ते सोसलं आहे. विचार त्यांना काय झालं. उत्तर येईल, ‘अळीला औषधाची सवय झाली.’ धड्यातला सगळ्यात मोठा गैरसमज हाच, आणि तो तिथेच फोडायचा. कुठल्याही अळीला सवय झाली नाही. ज्यांना विष लागलं त्या मेल्या. ज्यांच्या अंगी आधीपासून प्रतिकाराचा जीन होता त्या थोड्या उरल्या आणि पुढची पिढी त्यांची झाली.

बियाण्याच्या पिशवीबरोबर १२० ग्रॅमचं नॉन-बीटी पाकीट का येत असे, हे इथे समजावता येतं. प्रतिकाराचा जीन बहुतांशी अप्रभावी असतो; दोन्ही प्रती असतील तरच अळी वाचते. कडेच्या नॉन-बीटी ओळींत साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग उरलेल्या प्रतिकारक पतंगांशी जुळतात, आणि संततीकडे एकच प्रत जाते, म्हणून ती बीटीवर मरते. ते पाकीट अनेकांनी पेरलंच नाही. त्यात फरदड ठेवली, म्हणजे वेचणीनंतरही तीच झाडं शेतात राखली, की अळीला डिसेंबरनंतरही खाणं मिळतं आणि निवडीच्या आणखी पिढ्या होतात.

हे मुलांना लिबरऑफिसच्या कॅल्क या आकडेमोडीच्या तक्त्यात स्वतः करू दे. तक्त्यातल्या एका घरात (सेलमध्ये) ‘आश्रय’ म्हणजे नॉन-बीटीचा वाटा लिहायचा, ०.२. खाली पिढ्यांचा रकाना, शेजारी प्रतिकारक जीनचा वाटा, सुरुवात ०.०१. पुढच्या पिढीचं सूत्र असं:

नवा वाटा = जुना × (आश्रय + (१ − आश्रय) × जुना) ÷ (आश्रय + (१ − आश्रय) × जुना × जुना)

हे सूत्र खाली ओढलं की पहिल्यांदा उत्तर हमखास बिघडतं, कारण आश्रयाचं घरही एकेक ओळ खाली सरकतं. त्या घराच्या नावावर कर्सर ठेवून एफ४ दाबायचं, डॉलरची चिन्हं येतात आणि घर जागेवर राहतं. आश्रय ०.२ असताना पाच पिढ्यांनी वाटा जेमतेम ०.०१२ होतो, आणि निम्म्याच्या वर जायला तिसावी पिढी उजाडते. आता आश्रय ०.०२ करा. पाचव्या पिढीतच ०.६८. बोंडअळीच्या एका हंगामात चार ते सहा पिढ्या होतात, हे त्याच वेळी सांग. वर्ग गप्प होईल.

त्यानंतर लगेच या नमुन्यात काय खोटं आहे ते मुलांकडून काढून घे. बीटीवर साधी एकही अळी जगत नाही असं आपण धरलं. पतंग सगळ्या शेतभर सारखे मिसळतात असं धरलं. संकरित बियाण्याच्या एकाच बोंडात काही सरकी विषाची आणि काही बिनविषाची असते, हे धरलंच नाही. खऱ्या शेतात तो मोठा घोळ आहे. कुणी सूत्र बदलून बघेल, बदलू दे. सूत्र सगळ्यांना दिसतंय म्हणूनच हे शक्य आहे. तयार व्हिडिओ दाखवला असता तर मुलांनी तो मानला असता किंवा नाकारला असता, तपासला नसता.

एवढं झालं की जीवाश्मांकडे जा, तेही आपल्या भागातले. देवमाशाचे पूर्वज चार पायांचे होते याचा पुरावा भारत-पाकिस्तानातच मिळाला: काश्मीरच्या बाजूचा हरणाएवढाही नसलेला इंडोहायस, पाकिस्तानातला पाकिसीटस, कच्छचा कच्छिसीटस. इंडोहायसच्या कानाच्या हाडाला जी जाड कड आहे ती देवमाशांमध्येच असते. २००७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. तीन चित्रं दे आणि देवमाशाशी नातं किती जवळचं त्या क्रमाने मुलांना लावायला सांग. चुकीचा क्रम लावणाऱ्याला ‘कशावरून?’ विचार, आणि बरोबर लावणाऱ्यालाही.

वीज गेली तर फळ्यावर आकडेमोड करून पहिल्या तीन पिढ्या काढता येतात, कॅल्क्युलेटर पुरे.

एसएसडी मागवण्याआधी एका मशीनचं झाकण उघड. जास्तीची साटा पॉवर पिन आहे का बघ, नसेल तर जुन्या डिस्कचीच घे. अडीच इंचाची एसएसडी मोठ्या खाचेत बसत नाही, पट्टी लागते. आणि बारा सीआर२०३२ बॅटऱ्या सोबतच घे: जुन्या मशीनमधली बॅटरी मेलेली असते, तारीख मागे जाते आणि सगळी संकेतस्थळं ‘प्रमाणपत्र अवैध’ म्हणून उघडायचं नाकारतात. पोरं त्याचा दोष लिनक्सला देतील.

तुझी,
आई