गॅमा लहरी आणि ‘मेंदूचं वय’

संपादक महाशय,
स. न.

आमच्या फोंडा भागात हल्ली ज्येष्ठांच्या शिबिरांत डोक्याला पट्टा बांधून पाच मिनिटांत ‘मेंदूचं वय’ सांगायचं फॅड आलंय, रिपोर्टवर गॅमा लहरी (मेंदूतल्या विजेच्या जलद लहरी) कमी असं लाल अक्षरांत असतं आणि बाजूलाच कसलंतरी टॉनिक विकायला ठेवलेलं असतं. आमच्या शेजारच्या काकी तो कागद हातात पडल्यापासून धड जेवत नाहीत, म्हणून हे पत्र.

वयाचा आणि गॅमाचा संबंध काही सगळाच खोटा नाही हां. बेंगळुरूच्या आयआयएस्सी या विज्ञान संस्थेतल्या सुप्रतिम रे यांच्या टीमने पन्नाशीच्या पुढच्या निरोगी माणसांना स्क्रीनवर काळे-पांढरे पट्टे दाखवून ईईजी (डोक्यावरून घेतलेली मेंदूच्या विजेची नोंद) काढला, त्यात २० ते ३४ आणि ३६ ते ६६ हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला तेवढी आवर्तनं) अशा दोन्ही गॅमा लहरी वय वाढेल तशा क्षीण होताना दिसल्या, २०२० मध्ये ते छापून आलं. पण त्यांनी मोजलं काय, तर पट्टे दिसल्यावर गॅमा किती वाढतो ते, आणि निष्कर्ष सगळ्या गटाचा, एकट्यादुकट्याचं वय त्यावरून काढायचा नव्हेच.

शिबिरात माणूस नुसता बसलेला असतो, आणि डोक्यावरून घेतलेल्या सिग्नलमध्ये २० हर्ट्झच्या वर कपाळाच्या नि जबड्याच्या स्नायूंचीच वीज जास्त असते. ऑस्ट्रेलियात २००७ च्या एका प्रयोगात औषधाने स्नायू पूर्ण सैल केल्यावर वरच्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल धाडकन खाली आला होता. म्हणजे दात आवळून बसलात तर मेंदू तरुण! काकी तर कवळी काढून निवांत बसलेल्या, त्यांचा गॅमा कुठून येणार? त्यात आपली घरातली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे नेमकी गॅमाच्या मधोमध, हॉलमधल्या पंख्यांच्या नि वायरींच्या गराड्यात ती त्या स्वस्तातल्या पट्ट्यात घुसली नाही तरच नवल.

तुमच्या पेपरात अशा शिबिरांच्या बातम्या फोटोसकट येतात, त्या छापायच्या आधी एखाद्या न्यूरोलॉजिस्टला फोन करून विचारा ना. आणि ज्यांना खरंच विसरायला होतंय त्यांनी टॉनिकवर पैसे घालण्यापेक्षा गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) ओपीडीत जावं, बी-१२ आणि थायरॉइडची तपासणी करून घ्यावी, कारण त्यांच्यामुळे होणारा विसराळूपणा उपचाराने सुधारू शकतो.

– एक वाचक, फोंडा