नवे अल्बम: बाबांचं कुठं बरोबर, कुठं नाही

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आत्याच्या हाती पेन ड्राइव्ह पाठवलाय, तो मिळाला असेल. आत आठ फोल्डर आहेत, एकेका फोल्डरात एकेक अख्खा अल्बम. बाबांचं ठरलेलं वाक्य माहीत आहे, "नवं काहीबी लावा, नुसतं धडधड वाजायलंय." ते सगळंच खोटं नाही. पण कुठं खरं आहे आणि कुठं त्या गाण्यावर अन्याय होतोय, हे एकेक अल्बम घेऊनच सांगता येईल, म्हणून फोनवर न बोलता लिहिते.

आधी स्पीकर. धडधडीतली अर्धी तरी त्याच्या जागेची आहे. शोकेसच्या कोपऱ्यात, दोन भिंतींच्या बेचक्यात ठेवला की खर्जाचा आवाज फुगतो आणि काच थरथरते ती वेगळीच. तो तिथून काढा. स्टुलावर ठेवा, भिंतीपासून दीड-दोन हात पुढं, बसल्यावर कानाच्या उंचीला येईल असा, तुमच्यापासून सहा-सात फुटांवर. मागचं 'बास बूस्ट'चं बटण बंद करा. एवढं केलं तरी नुसरतच्या टाळ्या आणि तबला वेगवेगळे ऐकू यायला लागतील.

नुसरत म्हटलं म्हणून तिथूनच सुरू करते. 'चेन ऑफ लाइट' सप्टेंबर 2024 मध्ये आला, पण गाणं 1990 चं आहे. इंग्लंडमधल्या रिअल वर्ल्ड स्टुडिओत नुसरत फतेह अली खान आणि त्यांच्या पार्टीनं चार कव्वाल्या ध्वनिमुद्रित केल्या होत्या. त्या टेप संग्रहात पडून राहिल्या आणि पुढं सापडल्या. खाँसाहेब 1997 मध्ये गेले, म्हणजे हा त्यांच्या भर चाळिशीतला आवाज आहे, वरच्या सप्तकात कुठंही ओढाताण न होणारा. चारातली 'या गौस या मीराँ' याआधी कुठल्याच रेकॉर्डवर नव्हती. ती मला चारांत सर्वात आवडली. उणं एवढंच की समोर मैफल नाही. वाहवा नाही, कुणी नजराणा द्यायला उठत नाही, त्यामुळं एकच मिसरा, म्हणजे ओळ, पंधरा वेळा घोळवून रान पेटवायचं ते इथं होत नाही. बाबांनी चौथी कव्वाली, 'खबरम रसीद इमशब', निवांत ऐकावी. कलाम अमीर खुसरोचा म्हणून गातात, भाषा फारसी. खुसरोचा जिवलग दोस्त अमीर हसन सिजझी आपल्या खुलताबादलाच दफन आहे, तेव्हा हे काही फार परक्याचं गाणं नाही.

दुसरा फोल्डर आईसाठी आहे आणि त्याच्याबद्दल माझं मत दुभंगलेलं आहे. अरूज आफताब ही मूळची पाकिस्तानची, अमेरिकेत राहणारी गायिका. 'नाइट रेन' हा तिचा 2024 चा अल्बम. त्यातली 'ना गुल' आणि 'साकी' महलका बाई चंदाच्या शब्दांवर आहेत. महलका (1768–1824) निजामाच्या दरबारातली शायरा, उर्दूत स्वतःचा दिवाण, म्हणजे गझलांचा संग्रह, असलेल्या अगदी पहिल्या स्त्रियांपैकी एक. तिचा जन्म तेव्हाच्या औरंगाबादेतला सांगतात. मराठवाड्यातल्या बाईची गझल न्यूयॉर्कमध्ये कुणीतरी गातं आणि आपल्याकडं ती कुणी गुणगुणतही नाही, हे मला टोचतं. आता गाण्याबद्दल. तबला जवळजवळ नाहीच. हार्प, गिटार, पियानो आणि खालच्या पट्टीतला दबका आवाज. आई, तुला मेहदी हसनची सवय आहे, जिथं प्रत्येक शब्द पाटीवर लिहिल्यासारखा स्वच्छ येतो. इथं शब्द इतके ताणलेत की रदीफ (शेराच्या शेवटी परत येणारा शब्द) येईपर्यंत काफिया (त्याच्या आधीचं यमक) विसरायला होतो. गझल म्हणून ऐकलीस तर चिडशील. रात्री दिवा मालवून नुसता स्वर म्हणून ऐकलीस तर आवडेल. 'ऑटम लीव्ह्ज' सोडून दे. 'रात की रानी'त आवाजाला यंत्राची झिलई दिलीय, ती मला मुळीच रुचली नाही.

आता बाबांसाठी खरी परीक्षा. तिसऱ्या फोल्डरात नुसता पियानो आहे, सव्वा तास. जर्मन संगीतकार बाखनं 1741 मध्ये छापलेली गोल्डबर्ग व्हेरिएशन्स, वाजवणारा आइसलंडचा विकिंगुर ओलाफसन, ध्वनिमुद्रण 2023 चं. ढोल नाही, ताशा नाही, धडधडीचा प्रश्नच मिटला. पण सुरुवातीच्या धुनेच्या मागं लागू नका. तबल्याच्या सोलोला पेटीवर लेहरा धरतात आणि वादक त्यावर कायदे, रेले फिरवतो ना, तसं इथं डाव्या हाताचं आहे. बत्तीस मात्रागटांची खर्जाची एक वाट ठरलेली. ती लेहऱ्यासारखी जशीच्या तशी वाजत नाही, पण तिचे मुक्काम तेच असतात. त्या मुक्कामांवरून तीस वेगवेगळे विस्तार होतात आणि शेवटी पहिली धून परत येते. म्हणून फाइल 01 दोनदा ऐका, दुसऱ्यांदा फक्त डावा हात. मग पुढं आपण कुठं आहोत ते कळत राहतं.

दर तिसऱ्या विस्तारात आणखी एक गंमत आहे. फाइल 04 लावा. एक आवाज ओळ सुरू करतो आणि लगेच मागून दुसरा तीच ओळ त्याच सुरावरून उचलतो. फाइल 07 मध्ये मागचा आवाज एक सूर वरून उचलतो, 10 मध्ये दोन सुरांच्या अंतरानं, असं अंतर वाढत जातं. पखवाजाचं गणित आवडणाऱ्या माणसाला हे आवडलंच पाहिजे. फाइल 26 हा संथ, दुखऱ्या सुरांचा भाग, तो मध्येच फोन घेत ऐकू नका. आणि फाइल 31 मध्ये बाखनं त्या काळच्या लोकगीतांच्या चाली एकमेकींत मिसळल्यात. ओलाफसनबद्दल माझी तक्रार एकच आहे. जलद भाग तो फारच जलद नेतो. बोटं थक्क करतात, पण दोन हातांमधला संवाद हातातून निसटतो. संथ भागात मात्र त्याला तोड नाही.

इथं एक गोष्ट लक्षात ठेवा. या फोल्डरला आवाज पाच-सहा टप्पे वर न्यावा लागेल, आणि पुढचा फोल्डर लावण्याआधी तो परत खाली आणावा लागेल, नाहीतर दचकाल. डिजिटल ध्वनिमुद्रणात आवाजाला एक छत असतं, त्याच्यावर काही जात नाही. गाणं मोठं वाटावं म्हणून हळू भाग वर उचलतात आणि छताला लागणारी टोकं लिमिटर लावून छाटतात. तबल्यातली 'ना'ची कड हे असलंच क्षणभराचं टोक असतं. ते छाटलं की कड जाते, नुसता ठोका उरतो. सगळंच सारखं मोठं झालं की कान थकतात आणि आपण म्हणतो, धडधड वाजतंय. मोबाइलवरची ॲप आता सगळ्या गाण्यांची पातळी साधारण -14 एलयूएफएसच्या (गाणं कानाला किती मोठं लागतं ते मोजायचं माप) आसपास सारखी करतात, त्यामुळं छाटून मोठं करण्याचा फायदाही उरलेला नाही. सवय मात्र सुटत नाही. पेन ड्राइव्हवर असं सारखं करणारं कुणी नाही, म्हणून बटण तुमच्या हातात.

याचं उदाहरण म्हणजे द क्यूअर या इंग्लिश रॉक बँडचा 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड'. सोळा वर्षांनी, नोव्हेंबर 2024 मध्ये आला. आठ गाणी, विषय म्हातारपण आणि घरातली माणसं जाणं. पहिल्या गाण्यात तीन मिनिटांहून जास्त वेळ नुसती वाद्यं वाजतात आणि मग आवाज येतो, म्हणजे घाई अजिबात नाही. गाणी मोलाची आहेत, पण ध्वनी इतका दाबून भरलाय की अर्ध्या तासात कान भरतात. बाबा, इथं तुमचं शंभर टक्के बरोबर. तो पाठवलेला नाही.

ड्रम म्हणजे धडधड हे मात्र मान्य नाही. चार्ल्स लॉइड हा जॅझमधला सॅक्सोफोनवाला. 15 मार्च 2024 ला तो 86 वर्षांचा झाला आणि त्याच दिवशी त्याचा दुहेरी अल्बम बाजारात आला. सोबत पियानो, डबल बास आणि ब्रायन ब्लेडचे ड्रम. चौथा फोल्डर. ब्लेड किती कमी वाजवतो ते ऐका, झांजेवर काठी टेकवून सोडून देतो. सॅक्सोफोनची फुंक या वयात थोडी फाटते, ती तशीच ठेवलीय. पूर्ण एका बैठकीत नको, लांब आहे.

पाचवा 'ॲज वी स्पीक', 2023 चा: झाकिर हुसेन, राकेश चौरसियांची बासरी, बेला फ्लेकचा बँजो आणि एडगर मेयरचा डबल बास. हा बँजो वरातीतल्या बेंजो पार्टीचा बटणांचा नव्हे, तारा छेडायचा अमेरिकन. मेयर गजानं खर्ज धरतो आणि झाकिरभाई डग्ग्याची मींड त्याच सुरावर आणून टेकवतात, ती जागा छोट्या स्पीकरवर हरवते. बाबांनी हा हेडफोनवर ऐकावा. त्याच वर्षीचा शक्ती या बँडचा 'धिस मोमेंट'ही झाकिरभाईंचाच, फेब्रुवारी 2024 मध्ये दोन्ही अल्बमना ग्रॅमी मिळाला. माझा कौल 'ॲज वी स्पीक'ला. शक्तीत शंकर महादेवन, सेल्वागणेश सगळे अफाट, पण ऐकताना हे पाच जण समोरासमोर बसलेत असं वाटत नाही. सगळं चकचकीत, कुठं चूक होईल अशी धाकधूकच नाही. झाकिरभाई डिसेंबर 2024 मध्ये गेले, त्यामुळं दोन्ही आता जपून ठेवायचे.

अनुष्का शंकरच्या तीन छोट्या अल्बमांतला तिसराच पाठवलाय, 2025 चा. सरोदवर आलम खान, म्हणजे अली अकबर खाँचा मुलगा. रविशंकर-अली अकबर जोडीची पुढची पिढी, या कुतूहलानं लावाल. पण जुगलबंदीची अपेक्षा ठेवू नका. सारथी कोरवारचे ड्रम पुढं आहेत, सतार-सरोद त्यावर तरंगतात. ठीक. दुसरा झोप यावी इतका संथ आहे.

आई, 'संगीत मानापमान'चं तू विचारलंस. जानेवारी 2025 मधल्या चित्रपटाची गाणी, संगीत शंकर-एहसान-लॉय. खाडिलकरांचं नाटक 1911 चं, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, भामिनीची भूमिका बालगंधर्वांची. तिथं ऑर्गन आणि तबला एवढ्यावर गायकाला मोकळं रान होतं, वन्स मोअर मिळाला की पद आणखी फुलायचं. चित्रपटात गाणं मोजक्या मिनिटांत संपवायचं आणि मध्ये जरा जागा मिळाली की व्हायोलिनांचा ताफा घुसतो. गळे तयारीचे आहेत, पण त्यांना श्वास घ्यायला उसंत नाही. याच तिघांचं 'कट्यार'चं काम मला यापेक्षा सरस वाटतं.

आठव्या फोल्डरात 'अमर सिंग चमकीला' या पंजाबी गायकावरच्या चित्रपटाचं रहमानचं संगीत, 2024. अखाड्याची, म्हणजे गावच्या जलशातली, गाणी दिलजीत दोसांझ आणि परिणीती चोप्रानं चित्रीकरणाच्या जागीच गायलीत. तुंबी, ढोलकीसकट ती रांगडी ऊब टिकून आहे. शब्द तमाशातल्या सवाल-जवाबासारखे द्व्यर्थी आहेत, तेव्हा पाहुणे बसलेले असताना लावू नका.

शेवटी यंत्राचं. ड्राइव्ह एफएटी32 (फाइली मांडायची एक जुनी पद्धत) मध्ये फॉरमॅट केलेला आहे, कारण त्या स्पीकरला दुसरं वाचता येत नाही. म्हणून तो संगणकाला लावून 'फॉरमॅट करू का' असं आलं तर 'नाही' म्हणा. असे स्पीकर बऱ्याचदा नावाच्या क्रमानं नाही, तर फाइली ज्या क्रमानं भरल्या त्या क्रमानं वाजवतात. मी त्या एकेक करून क्रमानं भरल्यात. मध्येच कुणी भजनं घालून दिली तर ती शेवटी वाजतील, हरवली असं समजू नका. गाणी उलटसुलट वाजायला लागली तर दोन बाण एकमेकांवरून गेलेलं बटण दाबलं गेलंय, ते परत एकदा दाबा. स्पीकर आधी बंद करून मगच ड्राइव्ह काढा. गोल्डबर्गची फाइल 26 बाबांनी ऐकली की नाही, ते आईनं कळवावं. बाबा खरं सांगायचे नाहीत.

तुमची,
धाकटी