सरकारी लिलाव रद्द; मग खरेदीदाराचे काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सरकारी लिलाव रद्द झाल्याची बातमी आली की लोक म्हणतात, लिलावातच काहीतरी काळंबेरं असणार. कधी कधी ते असतंही. पण अशा प्रत्येक लिलावात भर कचेरीत, चारचौघांसमोर पैसे मोजलेला एक माणूस असतो. त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही. आमच्या घरात तो माणूस माझे वडील होते.

२००९ साली सरकारी थकबाकीपोटी जप्त झालेली दोन एकर जमीन त्यांनी लिलावात घेतली. बोली ३ लाख १० हजारांवर सुटली. चौथा हिस्सा रक्कम तिथल्या तिथे भरली, उरलेली मुदतीत. त्यात दोन वर्षांच्या कापसाचे पैसे आणि आईच्या पाटल्या गेल्या. पुढे भानगड निघाली तर, असं मी विचारलं होतं. ते म्हणाले, "सरकारना लिलाव शे, त्यामा खोट कशी ऱ्हाई?" लिलाव कायम झाला, विक्रीचं प्रमाणपत्र मिळालं, फेरफार मंजूर होऊन सातबारावर नाव लागलं. आम्ही विहीर खोदली, ठिबक टाकलं, केळी लावली.

२०१९ मध्ये मूळ खातेदाराच्या वारसांनी वरच्या महसूल अधिकाऱ्यांकडे अर्ज केला. नोटीसच मिळाली नाही, असं त्यांचं म्हणणं. दहा वर्षांचा विलंब एका ओळीत माफ झाला आणि लिलाव रद्द झाला. आम्ही आधी नाशिकला आयुक्तांकडे गेलो, आता छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात आहोत. वकिलांनी बोलावलं की पहाटेची एसटी धरून अजिंठ्याचा घाट चढायचा, रात्री परत. प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याने गाव आणि कार्यालय लिहीत नाही.

त्या कुटुंबावर माझा राग नाही. मूळ खातेदार तेव्हा सुरतेला कामाला होता. आमच्याकडे गावंच्या गावं सुरतेला पोटासाठी जातात, हे कचेरीतल्या प्रत्येकाला माहीत असतं. नोटीस म्हणे बंद घराच्या दाराला चिकटवली. महसूल कायद्याप्रमाणे लिलावाच्या जाहीरनाम्याची दवंडी तालुक्याच्या ठिकाणी आणि गावात द्यायची, तो चावडीवर आणि थकबाकीदाराच्या घरावर लावायचा, आणि त्यानंतर निदान ३० दिवस जमिनीचा लिलाव करायचा नाही. आमच्या फाइलमध्ये दवंडीचा पंचनामाच नाही. दवंडी दिली गेली की नाही, हे आज कोणीच छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. त्या एका कागदापायी दोन घरं दहा वर्षांनी एकमेकांसमोर उभी राहिली. तो कागद करणं दोघांपैकी कोणाचंही काम नव्हतं.

जाहीरनाम्यात किंवा लिलावात मोठी चूक, लबाडी झाली असेल तर लिलावानंतर ३० दिवसांत तो रद्द करण्यासाठी अर्ज करता येतो, आणि त्यामुळे आपलं खरोखर नुकसान झालं हे अर्जदाराला दाखवावं लागतं. अर्ज आला नाही तर लिलाव कायम करायचा. महसुली अपिलाची मुदतही ६० किंवा ९० दिवसांची आहे. वरच्या अधिकाऱ्याच्या पुनरीक्षणाच्या, म्हणजे खालच्याचा आदेश पुन्हा तपासण्याच्या, अधिकाराला मात्र कायद्यात ठरावीक मुदत नव्हती. तिथे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच, आपल्याच राज्याच्या प्रकरणात, साधारण तीन वर्षं हा वाजवी काळ सांगितला आणि सतरा वर्षांनी वापरलेला अधिकार चुकीचा ठरवला. आमचा लिलाव रद्द करणाऱ्या आदेशात या निकालाचा साधा उल्लेखही नाही. विलंब माफ करू नये असं मी म्हणत नाही. सुरतेला गेलेल्या माणसाला सवलत मिळायलाच हवी. पण त्याला लिलाव कधी कळला, कळल्यावर तो किती दिवस गप्प बसला, मधल्या काळात जमिनीवर काय काय उभं राहिलं, हे तपासून आदेशात लिहायला नको?

सगळ्यात बोचतं ते पैशाचं. थकबाकीदाराने ३० दिवसांत सगळी थकबाकी आणि खर्च भरून जमीन सोडवली, तर खरेदीदाराला बोलीच्या ५ टक्के जादा रक्कम मिळते. म्हणजे महिनाभर अडकलेल्या पैशाचा मोबदला कायद्याला सुचला. लिलाव दहा वर्षांनी रद्द झाला, तर मात्र भरलेली रक्कम परत, एवढंच. व्याजाबद्दल अवाक्षर नाही. विहिरीचं काय, ठिबकचं काय, यावरही काही नाही. २००९ मध्ये ३ लाख १० हजारांत दोन एकर आली. आज तेवढ्यात आमच्या शिवारात विहिरीपुरती जागा कोणी देणार नाही. चूक कार्यालयाची असेल तर व्याज सरकारनेच भरलं पाहिजे, खरेदीदाराला पुन्हा कोर्टात न पाठवता.

आणि नोटिशीचं काम आता अवघड राहिलेलं नाही. ग्राम महसूल अधिकाऱ्याच्या, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याच्या, हातात मोबाइल आहे. दारावर नोटीस लावतानाचा, दवंडी देतानाचा तारखेसह फोटो फाइलला लागला पाहिजे. घर बंद असेल तर शेजाऱ्यांकडून खातेदाराचा नंबर घेऊन त्याला फोन केला पाहिजे. हे कागद पाहिल्याशिवाय लिलाव कायम करण्याच्या आदेशावर सहीच होऊ नये.

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या आमदारांनी व्याजाचा आणि पुनरीक्षणाच्या मुदतीचा प्रश्न विधिमंडळात मांडावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. वडील आता ८१ वर्षांचे आहेत. विक्रीचं प्रमाणपत्र त्यांनी अजून ट्रंकेत जपून ठेवलं आहे.

आपला,
एक शेतकरी वाचक,
जळगाव जिल्हा