पाणी उतरलं की झाडू घ्यायचा

संपादक साहेब, नमस्कार.

सांगलीत मारुती चौकाजवळ आमचं किराणा दुकान आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, धोका पातळी ४५ फूट, आणि पाणी ओसरल्यावर शटर वर केलं तर साखरेची पोती तशीच पण आत साखर नाही, हरभऱ्याला पोत्यातच मोड आलेले, चिखल घोट्यापर्यंत. मी पायरीवरच बसले. अण्णा काही बोलले नाहीत, झाडू घेतला आणि गल्ला ठेवायची जागा आधी साफ केली. मग लॉकडाऊन, मग २०२१ च्या जुलैत परत पूर.

या सगळ्यात आम्ही टिकलो ते तीनच गोष्टींमुळे असं मला वाटतं, उधारीच्या वह्या माळ्यावर, पावसाळ्यात माल थोडा थोडाच भरायचा, आणि घाबरून मोठं कर्ज काढायचं नाही. ज्यांनी तेव्हा घाईत काढलं ते अजून हप्ते भरतायत, खरंच वाईट वाटतं.

माझी कळकळीची विनंती आहे, प्रत्येक दुकानदारानं २०१९ च्या पाण्याची रेघ भिंतीवर रंगवून ठेवावी, पुसू नये. आमच्याकडे ती अण्णांच्या डोक्याच्याही वर आहे, आणि वजनकाटा आता जूनपासूनच माळ्याच्या जिन्यापाशी असतो.

– एक दुकानदार, सांगली